नादारीचा अर्ज आणि घरची मोटार

कर्ज हाताबाहेर गेलेल्या कुटुंबाच्या दारात न्यायालयाचा बेलीफ उभा राहिला, म्हणजे घरच्यांची नजर प्रथम अंगणातील वाहनाकडे जाते. जमीन हलविता येत नाही, घर हलविता येत नाही; मोटार मात्र किल्ली फिरविताच परगावी नेता येते. या सोयीमुळेच नादारीच्या प्रकरणात पहिली चूक पुष्कळदा मोटारीच्या बाबतीत घडते. ‘आधी गाडी मेव्हण्याच्या नावावर करून टाका, मग अर्जाचे पाहू,’ असा सल्ला देणारे हितचिंतक गावोगाव असतात. हा सल्ला किती महागात पडतो आणि उलटपक्षी मोटार उघडपणे जाहीर करणाऱ्या ऋणकोस ती राखण्याचे कोणते मार्ग मोकळे राहतात, हे पंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. अडचणीत सापडलेला माणूस वकिलाची पायरी चढण्यापूर्वी बहुधा यांच्यापैकीच कोणाकडे तरी येतो.

कोणता कायदा लागू होतो, हा पहिला प्रश्न. बृहन्मुंबईसाठी १९०९ चा इलाखा शहर नादारी अधिनियम आहे व तेथील प्रकरणे उच्च न्यायालयात चालतात. जिल्ह्यांमध्ये १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमानुसार जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. संसदेने २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली, हे सर्वश्रुत आहे. तथापि व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. किरकोळ व्यापारी, शेतकरी, नोकरदार यांचा मार्ग जुन्या अधिनियमांतूनच जातो. वृत्तपत्रांत नव्या संहितेविषयी वाचून ती आपणास लागू आहे असे समजणाऱ्यांची येथे फसगत होते.

जिल्ह्यातील ऋणकोस स्वतः अर्ज करावयाचा असेल, तर त्याचे कर्ज किमान ५०० रुपयांचे असावे लागते, अथवा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत त्यास अटक झालेली असावी लागते किंवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असावा लागतो. ५०० रुपयांची ही मर्यादा १९२० सालच्या रुपयाची आहे. आज ती कोणालाही अडवीत नाही.

पोट भरण्याची साधने

ऋणको नादार ठरला म्हणजे त्याची सर्व मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. धनकोंना ती विकून मिळणारा पैसा प्रमाणशीर वाटला जातो. मात्र सर्व म्हणजे अक्षरशः सर्व नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० अन्वये ज्या वस्तू जप्त करता येत नाहीत, त्या नादारीतही ऋणकोकडेच राहतात, असे प्रांतिक अधिनियमाच्या कलम २८ मध्ये नमूद आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, उपजीविकेस आवश्यक तेवढी जनावरे व बी-बियाणे, तसेच शेतकरी, मजूर व घरगडी यांची स्वतःची राहती घरे, अशी ही यादी आहे. पगाराबाबत पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश एवढा भाग साधारणपणे जप्तीतून मुक्त असतो. १९७६ च्या दुरुस्तीनुसार ही सूट सोडून देण्याचा करार ऋणकोने केला तरी तो रद्दबातल ठरतो. सावकाराने कोऱ्या कागदावर ‘औतेही विकीन’ असे लिहून घेतले, तरी त्याचा उपयोग नाही.

या तरतुदीमागील विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोष होता तो सावकारांच्या दप्तरांवर. कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात टाकण्यावर बंधन आणले व त्याच्यासाठी नादारीची वेगळी तरतूद केली. देणे वसूल व्हावे, परंतु देणेकऱ्याची पोट भरण्याची साधने जाऊ नयेत, ही जाणीव त्या काळापासून कायद्यात रुजत आली आहे.

परंतु १९०८ च्या यादीत मोटार नाही. त्या काळी मोटार ही संस्थानिकांची व बड्या व्यापाऱ्यांची चैन होती. ती उपजीविकेचे साधन होईल अशी कल्पना यादी करणाऱ्यांनी केलेली दिसत नाही. बैल सुटतो, गाडा औतात धरला जाऊ शकतो. त्याच घरातील चार चाकांचे वाहन मात्र रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिक्षा किंवा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. कलमात ‘कारागिराची हत्यारे’ असे शब्द आहेत; त्यांचा साधा अर्थ घेतल्यास चालक त्यात सहज बसत नाही. वाहन हेच आपले हत्यार, हे म्हणणे न्यायालयापुढे मांडता येते. मात्र ते मान्य होईलच असे गृहीत धरून कोणी बेत आखू नये. मुंबईच्या १९०९ च्या अधिनियमात धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी व घरसामान मिळून एकूण ३०० रुपये किमतीपर्यंतच सूट आहे. ३०० रुपयांत आज मोटारीचे एक टायरही येत नाही.

यादीत काय लिहावे

अर्जासोबत द्यावयाच्या तपशिलाबाबत प्रांतिक अधिनियमाचे कलम १३ स्पष्ट आहे. रोख रक्कम सोडून इतर प्रत्येक मालमत्तेची किंमत आणि ती कोठे आहे ते ठिकाण लिहिले पाहिजे, आणि सूट असलेल्या वस्तू वगळता सर्व मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी दर्शविली पाहिजे. सूट मिळेल असे वाटणारी वस्तूही यादीत लिहावी. सूट आहे किंवा नाही हे न्यायालय ठरविते; ऋणकोने स्वतःच निर्णय करून वस्तू गाळली, तर तोच प्रामाणिक गैरसमज लपवाछपवीसारखा दिसू लागतो.

मोटारीच्या नोंदीत नोंदणी क्रमांक, बनावट व वर्ष, ती सध्या कोठे उभी आहे, नोंदणी प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे नाव व शिल्लक रक्कम आणि आजची वाजवी किंमत हा तपशील असावा. किंमत खरेदीच्या पावतीवरून लिहू नये. आठ वर्षांपूर्वी सहा लाखांना घेतलेली मोटार आज सहा लाखांची राहत नाही. किंमत फुगविल्यास रिसीव्हर विक्रीचा आग्रह धरतो. ती मुद्दाम पाडल्यास धनकोंचा संशय बळावतो. तालुक्याच्या गावातील जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून लेखी अंदाज घेऊन तो अर्जास जोडणे हा सरळ उपाय आहे. मोटार दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये किंवा शिकणाऱ्या मुलाकडे शहरात असेल, तर तसेच लिहावे.

विम्याकडे या धावपळीत हमखास दुर्लक्ष होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. हप्ता चुकलेल्या काळात अपघात झाला, तर जुन्या कर्जात नुकसानभरपाईची भर पडते.

मोटार कोणाची?

घरातील मोटार सगळ्यांची, हे बोलण्यापुरते ठीक. नादारीत मात्र मालक कोण, हे काटेकोरपणे पाहिले जाते. मोटार वाहन अधिनियमाच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी तो मालक. कर्जाऊ घेतलेल्या वाहनाबाबत कराराने ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो मालक समजला जातो. धनकोंच्या हक्काचा विचार करताना न्यायालय याच्याही पलीकडे पाहू शकते: पैसे कोणी दिले, वाहन कोण वापरतो, हप्ते कोणाच्या खात्यातून जातात. पत्नी शाळेत शिक्षिका असून तिने स्वतःच्या पगारातून मोटार घेतली असेल, तर पतीच्या नादारीने ती जात नाही. तथापि पतीने आपल्या अर्जात ‘घरात एक मोटार आहे, ती पत्नीच्या मालकीची आहे,’ असा उल्लेख करून तिच्या बँकेच्या पासबुकाच्या नकला जोडलेल्या बऱ्या. न सांगता पुढे उघडकीस येण्यापेक्षा आधी सांगून टाकलेले चांगले.

येथे एक खाच आहे व ती फारशी कोणास ठाऊक नसते. दुसऱ्याच्या मालकीचा माल खऱ्या मालकाच्या संमतीने नादाराच्या व्यापारधंद्यात, तोच मालक आहे असे जगाला वाटावे अशा रीतीने त्याच्या ताब्यात असेल, तर अधिनियम तो माल नादाराचाच मानतो. थोरल्या भावाची जीप धाकटा आपल्या दुकानाची पाटी लावून वर्षानुवर्षे माल वाहण्यासाठी वापरीत असेल, तर ती जीपही धोक्यात येते. घरगुती कामासाठी अधूनमधून मागून नेलेल्या वाहनास हा नियम लागत नाही.

कर्जावर घेतलेल्या मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेच्या नजरगहाणाची नोंद असते. अशा वित्तसंस्थेचा तारणावरील हक्क नादारीने बुडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी धान्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाचे कल्पित उदाहरण घेऊ. मोटारीची आजची किंमत ३ लाख २० हजार रुपये व वित्तसंस्थेचे येणे २ लाख ६० हजार. मोटार विकल्यास वित्तसंस्थेचे भागून ६० हजार उरतात व तेवढेच इतर धनकोंचे. येणे ३ लाख ५० हजार असते, तर इतर धनकोंच्या हाती मोटारीतून काहीच आले नसते. वित्तसंस्थेचेच ३० हजार अपुरे पडून तेवढ्या रकमेपुरती ती इतरांच्या रांगेत उभी राहिली असती. म्हणून दारातल्या मोटारीकडे पाहून ‘केवढी मालमत्ता!’ म्हणणाऱ्यांनी आधी नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. हप्ते थकले म्हणून वाहन परत घेण्याचा अधिकार वित्तसंस्थेस करारानुसार असतो; तो बळजबरीने वा गुंडांकरवी बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले आहे.

नाव बदलण्याचा मोह

प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३० भरून दिले की वाहन दुसऱ्याच्या नावे होते. तारीख न घालता सह्या करून हे नमुने कपाटात ठेवून देण्याची रीतही काही ठिकाणी आहे. कागद सोपा आहे. परिणाम सोपे नाहीत.

प्रांतिक अधिनियमाच्या कलम ५३ नुसार, हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावरून हस्तांतरण करणारा नादार ठरला, तर ते हस्तांतरण रिसीव्हरविरुद्ध टिकत नाही व न्यायालय ते रद्द करू शकते. यातून मुख्यतः सुटतो तो सद्भावनेने व खरा मोबदला देऊन घेणारा खरेदीदार. मेव्हण्याने बाजारभावाने पैसे देऊन, ते बँकेतून देऊन मोटार घेतली असेल, तर त्यास भिण्याचे कारण नाही. पैसे न देता नुसते नाव लावले असेल, तर मोटार परत येते आणि तोवर तिची किंमतही उतरलेली असते. एखाद्या धनकोस इतरांआधी खूश करण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत मोटार देऊन टाकली, तर तोही व्यवहार पक्षपाती म्हणून रद्द होण्याजोगा असतो.

मोटार परत येते, एवढ्याने भागत नाही. धनकोंना चुकविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण हे स्वतःच नादारीचे कृत्य असून त्यावरून धनको ऋणकोविरुद्ध अर्ज करू शकतो. मालमत्ता कपटाने लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. शेवटी ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती कर्जातून मुक्तता देतानाही न्यायालय हेच पाहते की मालमत्ता दडविली गेली काय, हिशेबाच्या वह्या नीट ठेवल्या होत्या काय, न परवडणाऱ्या उधळपट्टीने ही पाळी आली काय. डोक्यावर थकबाकी असताना मुलीच्या लग्नात मिरवण्यासाठी नवी मोटार घेतली असेल, तर तिचा हप्ता येथे निराळ्याच अर्थाने भरावा लागतो.

राखण्याचे मार्ग

मोटार जाहीर केल्यावर ती जातेच असे नाही. जुन्या अधिनियमात तिला स्पष्ट सूट नसली, तरी तीन वाटा उघड्या राहतात.

नजरगहाणाची रक्कम किमतीहून अधिक असल्यास रिसीव्हरला ती विकण्यात स्वारस्य नसते. अशा वेळी वित्तसंस्था हप्ते स्वीकारीत राहण्यास तयार असेल, तर न्यायालयाच्या व रिसीव्हरच्या माहितीने मोटार कुटुंबाकडे राहू शकते. हे तोंडी ठरवू नये; रिसीव्हरचे लेखी उत्तर हाती असावे.

दुसरी वाट उघड खरेदीची. रिसीव्हर वाहन विकावयास काढतो तेव्हा नातेवाइकाने स्वतःच्या पैशाने, वाजवी किमतीस ते घेण्यास आडकाठी नाही. वरील उदाहरणातील गृहस्थाच्या नोकरदार भावाने ६० हजार रुपये रिसीव्हरकडे भरले व वित्तसंस्थेशी उरलेल्या कर्जाची व्यवस्था लावली, तर मोटार घरातच राहते आणि धनकोंचेही नुकसान होत नाही. मेव्हण्याच्या नावे चोरून केलेले हस्तांतरण आणि भावाने उघडपणे केलेली खरेदी यांत मोटार एकच, नातेवाईकही तसेच. फरक पैशाचा आणि उजेडाचा आहे.

तिसरी वाट तडजोडीची. नादार ठरल्यानंतरही ऋणको कर्जफेडीची योजना धनकोंपुढे ठेवू शकतो. उपस्थित धनकोंपैकी संख्येने बहुसंख्य व रकमेच्या तीन-चतुर्थांश हिश्श्याचे धनको अनुकूल झाले व न्यायालयाने मान्यता दिली, तर ती सर्वांवर बंधनकारक होते. ज्याचा धंदाच वाहनावर चालतो, त्याला ही वाट विशेष उपयोगी. टेम्पो चालू राहिला तर दरमहा काही मिळेल, विकला तर एकदाच थोडे मिळेल, हा हिशेब धनकोंनाही समजतो.

२०१६ ची संहिता या बाबतीत पुढे गेलेली आहे. तिच्या कलम ७९ मध्ये वगळावयाच्या मालमत्तेत हत्यारे व पुस्तके यांच्याबरोबरच ‘वाहने’ हा शब्द आला आहे. अट अशी की वाहन बोजारहित असावे आणि ऋणकोच्या वैयक्तिक वापरासाठी किंवा नोकरी, धंदा, व्यवसाय यांसाठी आवश्यक असावे. इंग्लंडच्या १९८६ च्या नादारी अधिनियमातील शब्दरचना याच धर्तीची आहे. तेथे मात्र वाहन कामधंद्यासाठीच आवश्यक असावे लागते. आपल्या संहितेने वैयक्तिक वापराची भर घातली. २०१९ च्या नियमांनी धार्मिक रूढीच्या अलंकारांस एक लाख रुपयांची, राहत्या घरास शहरी भागात २० लाखांची व ग्रामीण भागात १० लाखांची मर्यादा घातली. वाहनास रुपयांत मर्यादा घातलेली नाही. साराच भार ‘आवश्यक’ या शब्दावर आहे. बस दिवसातून दोनदाच येते अशा वाडीतील अपंग व्यक्तीची जुनी मोटार आणि रेल्वे स्थानकाजवळ राहणाऱ्याची तिसरी मोटार यांना हा शब्द सारखा लागू पडणार नाही. कर्जाची नोंद असलेले वाहन या सवलतीत बसत नाही, हे तर अनेकांना अनपेक्षित असते. आणि ही सवलत तूर्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरतीच; सामान्य दुकानदारासाठी १९०८ ची यादी तशीच आहे.

पदाधिकाऱ्यांच्या दृष्टीने

शासकीय कर्मचाऱ्याने नादारीची वेळ येऊ न देण्याची दक्षता घ्यावी व तशी कार्यवाही सुरू झाल्यास शासनास कळवावे, अशी वर्तणूक नियमांची अपेक्षा आहे. लोकप्रतिनिधींस याहून अधिक झळ पोहोचते. मुक्तता न मिळालेला नादार संसदेचा व विधानमंडळाचा सदस्य राहण्यास संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ अन्वये अपात्र ठरतो. प्रांतिक अधिनियमाच्या कलम ७३ नुसार नादार ठरलेल्या व्यक्तीस स्थानिक प्राधिकरणाचा सदस्य म्हणून निवडून येता येत नाही, बसता येत नाही व मतही देता येत नाही.

ही अपात्रता कायमची नाही. नादारीचा आदेश रद्द झाला, तर ती संपते. अथवा मुक्ततेच्या आदेशासोबत, ही नादारी ऋणकोच्या कोणत्याही गैरवर्तनाशिवाय केवळ दुर्दैवाने ओढवली, असे प्रमाणपत्र न्यायालयाने दिले तरी ती दूर होते. दुष्काळाने बुडालेला व्यापार किंवा घरातील दीर्घ आजार या कारणांनी अशा प्रमाणपत्राची मागणी करता येते. परंतु मागणी करणाऱ्याची मूळ यादी न्यायालयासमोर असते आणि रिसीव्हरचा अहवालही असतो. यादीत जाहीर न केलेली, परगावी नेऊन ठेवलेली मोटार त्या अहवालात आली, तर ‘गैरवर्तनाशिवाय’ हा शब्द लावणे न्यायालयास कठीण होते. प्रमाणपत्र देणे किंवा नाकारणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन असून नकाराच्या आदेशाविरुद्ध अपील करता येते.